दोन माणसांचं घर

इमारतीत नोटीस लागली. गुरुवारी सकाळी अकरा वाजता आगीची घंटा वाजेल, हा फक्त सराव आहे, सर्वांनी जिन्याने खाली उतरून अंगणात यावं, तिथे यादीप्रमाणे माणसं मोजली जातील. बाकीच्यांनी नोटीस वाचली आणि विसरून गेले. तिने चारदा वाचली.

यादीत त्यांच्या घरापुढे दोन नावं होती, तिचं आणि नवऱ्याचं. घरात माणसं होती तीन. तिसरी तिची आई.

इमारत तशी झोकात बांधलेली. पुढच्या बाजूला विकत घेतलेली घरं, मागच्या बाजूला गृहमंडळाची भाड्याची, मध्ये एकच अंगण आणि सगळ्यांना एकच फाटक. ऐपतीच्या आणि बिनऐपतीच्या माणसांनी मिसळून राहावं असा मंडळाचा विचार होता. चांगलाच होता, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. माणसं मिसळलीही होती. ती घरी शिवणकाम करायची आणि पुढच्या बाजूची निम्मी मंडळी तिच्याकडेच कपडे आवळून, सैल करून घ्यायची. पण एक नियम असा होता की तो फक्त मागच्यांना लागू होता. दोघांना दिलेल्या घरात तिसरं माणूस महिन्याच्या वर राहिलं, तर घर मंडळाला परत. पुढच्यांनी घरात दहा माणसं कोंबली असती तरी त्यांना कोण विचारणार होतं?

हे घर मिळायला सहा वर्षं लागली होती. सहा वर्षं दोघं नवराबायको कुणाच्या तरी पोटमाळ्यावर वाकून चालत राहिली. आणि अकरा महिन्यांपूर्वी, आई ज्याच्याकडे राहायची तो भाऊ घराला कुलूप घालून परमुलखात निघून गेला, तो फोनही उचलेना. आई एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मोठ्या घरासाठी अर्ज करता आला असता, नाही असं नाही. पण अर्जात ‘सदर व्यक्ती सध्या कुठे राहते’ असा रकाना होता, आणि तिथेच सगळं अडलं.

तेव्हापासून आई घरात होती आणि नव्हती. शिलाई मशीन चालू असेल तेवढ्याच वेळात ती चालायची. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायची. मंडळाचे मॅनेजरसाहेब तपासणीला यायचे त्या दिवशी सकाळीच बाहेर पडून दोन चौक पलीकडच्या बागेत संध्याकाळपर्यंत बसायची. एकदा पावसात भिजून आली, पण तक्रार म्हणून केली नाही. तिने तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं.

“उद्या घंटा वाजेल,” बुधवारी तिने आईला बजावलं. “खोटी आहे ती. तू बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बस. कोणी दार बडवलं, हाका मारल्या, तरी ओ द्यायची नाही.”

“शाळेत गणिताच्या तासाला मी अशीच लपायचे,” आई म्हणाली. “आता म्हातारपणी पुन्हा तेच. आणि धूर आला तर?”

“खोट्या आगीला धूर कुठला गं!”

“विचारून ठेवलं आपलं.”

गुरुवारी घंटा वाजली ती अकराला वीस मिनिटं असतानाच. तिला मनातून साहेबांचा रागच आला. लोकांना गाफील पकडायचे डाव हे! आई मुकाट्याने बाथरूममध्ये गेली. आईने आतून कडी लावल्याचा आवाज ऐकून ती घराबाहेर आली आणि तिने दाराला कुलूप लावलं. आत कुणी नाही हे बघणाऱ्याला दिसलेलं बरं. नवरा बस घेऊन पहाटेच ड्यूटीवर गेला होता, त्याची गैरहजेरी साहेबांकडे आधीच नोंदवली होती. चार मजले उतरताना ती मनात फक्त एवढंच घोकत होती, दोनातला एक गैरहजर, एक हजर.

अंगणात थट्टामस्करी चालली होती. एकाच्या अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता, आणि आग लागली तरी दाढी पूर्ण करूनच यायचं असं बायको त्याला ऐकवत होती. एवढ्यात फाटकाजवळच्या ऑफिसातून मॅनेजरसाहेब धावत आले. चेहरा पांढराफटक.

“मी नाही वाजवली!” ते ओरडले. “घंटा मी वाजवलेली नाही!”

मग सगळ्यांनी वर पाहिलं. मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावरच्या मीटरच्या खोलीतून काळा धूर जिन्यात शिरत होता.

तिने चौथ्या मजल्यावरची आपली खिडकी शोधली.

सरावासाठी बोलावलेला बंब वाटेतच होता, तो लगेच आला. अग्निशमन दलाच्या प्रमुखाने उतरता उतरता विचारलं, “आत कोणी?”

साहेब भराभर यादीवर खुणा करत होते. मागच्या बाजूची माणसं बेचाळीस, दोन कळवून गैरहजर, चाळीस अंगणात. हिशेब जुळला तसा त्यांच्या जिवात जीव आला.

“सगळे बाहेर आहेत,” ते म्हणाले. “एकूण एक.”

“मग कोणी वर जायचं नाही,” प्रमुखाने जवानांना सांगितलं. “वीज बंद होईपर्यंत बाहेरूनच पाणी मारा.”

ती तिथेच उभी होती, दहा पावलांवर. थोडासाच तर धूर आहे, तिने स्वतःला सांगितलं. चौथ्या मजल्यापर्यंत कशाला जाईल? आत्ता विझेल. पोटमाळा आठवला, वाकून वाकून दुखणारी मान आठवली. एक-दोन मिनिटं गेली असतील. त्या मिनिटांबद्दल ती पुढे नवऱ्याजवळही कधी बोलली नाही.

मग तिसऱ्या मजल्याच्या जिन्याची खिडकी काळी झाली.

“आई!” ती किंचाळली. “माझी आई आहे वर! चौथ्या मजल्यावर! मी बाहेरून कुलूप लावलंय!”

एका जवानाने तिच्या मुठीतली किल्ली अक्षरशः ओढून काढली. “हाका मारल्या तर ओ देतील ना?”

“नाही देणार.” ती म्हणाली. “मीच सांगितलंय. बाथरूममध्ये कडी लावून बसलीय. तिला म्हणावं, मुलीने उघडायला सांगितलंय. नाहीच उघडलं तर तोडा!”

जवान तोंडाला मुखवटा लावून जिन्यात शिरला. तेवढ्यात मागून कुणीतरी घसा खाकरला. दुसऱ्या मजल्यावरचा इलेक्ट्रिशियन. त्याची मान खाली होती.

“माझा मेहुणा आहे घरात. रात्रपाळी करून झोपलाय. गोळी घेऊन झोपतो, त्याला घंटा ऐकू आली नसणार.”

“आमच्याकडे पण आहे,” अर्धी दाढी झालेल्याची बायको रडायलाच लागली. “सासूबाई. तिसरा मजला. त्यांना चालता येत नाही हो!” प्रमुखाने आणखी चार जवान आत पाठवले.

साहेब हातातल्या यादीकडे बघत राहिले. बघता बघता पायरीवर बसले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

जिन्यातून कुणी येईना. आतून दार तोडल्याचे दणके ऐकू आले, मग तेही थांबले. तिने कुणाचा तरी दंड घट्ट धरून ठेवला होता, कुणाचा ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आधी मेहुणा आला, ठेचकाळत, खोकत. मग सासूबाईंना खुर्चीसकट उचलून आणलं. आणि सगळ्यात शेवटी जवानाच्या पाठीवरून आई, काजळीने माखलेली, डोळे मिटलेले. तिला वाटलं, संपलं. पण आईला ढास लागली. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच ती मोकळेपणाने, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने खोकली.

पाऊण तासाने आग विझली. आई रुग्णवाहिकेच्या पायरीवर प्राणवायूची नळी लावून बसली होती आणि ती खाली तिचे पाय चोळत होती. साहेब आले. हातात कोरा कागद होता.

“दलाला अहवाल द्यायचाय,” ते हळूच म्हणाले. “पाहुण्या ना या? आज सकाळीच आल्या असतील. तसं लिहितो. पाहुण्यांना नियम लागत नाही.”

“माझाही पाहुणाच, साहेब,” इलेक्ट्रिशियन घाईने म्हणाला. सासूबाईंची सूनही मान डोलवायला लागली.

आईने तोंडावरची नळी तशीच ठेवून तिच्या हाताला चिमटा काढला. हो म्हण.

एक ‘हो’ म्हटलं की घर वाचत होतं. आणि उद्या त्या यादीत पुन्हा दोनच नावं असणार होती. पुन्हा घंटा झाली, तर पुन्हा कुणीतरी एकूण एक बाहेर आहेत म्हणून सांगणार होतं.

“नाही साहेब,” ती म्हणाली. “अकरा महिने झाले. ती इथेच राहते.”

“ताई, नीट विचार करा. मी एकदा लिहिलं की मंडळाकडे जाणार. पुढचं माझ्या हातात नाही.”

“माहीत आहे मला.” ती म्हणाली. “नुसतं या कागदावर नको. त्या यादीत लिहा, आमच्या नावांखाली.”

साहेबांनी घडी घातलेली यादी खिशातून काढली, गुडघ्यावर पसरली आणि नाव विचारलं.

तिने आईचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.