पारूबाईच्या टेकडीला बोट

तुम्ही माझ्या आईचं बेट केलंत.

साहेब, धरणाच्या ऑफिसातल्या त्या खुर्चीत आज कोण बसलंय मला ठाऊक नाही. माणसं बदलतात, खुर्ची तीच राहते. म्हणून खुर्चीलाच सांगतो, नीट ऐका.

माझी आई पारूबाई १९९२ साली गेली. चंदगड तालुक्यात आमचं आंबटेक गाव होतं. गावामागच्या टेकडीवर वडिलांनी तिच्या अस्थी पुरल्या आणि वर पिंपळ लावला. तीन वर्षांनी तुम्ही धरणात पाणी अडवलं. घरं गेली, शेतं गेली, बुद्धविहार गेला. टेकडीचा माथा तेवढा वर राहिला. आम्हाला उचलून लांब माळावरच्या वसाहतीत टाकलंत.

तरी दर फेब्रुवारीत आईच्या स्मृतिदिनाला आम्ही जायचोच. गुंडूकाकांकडं गुऱ्हाळाची जुनी काहील होती, गूळ शिजवायची भलीमोठी कढई. ती पाण्यात सोडायची, चौघांनी आत बसायचं आणि फळीनं पाणी मारत टेकडी गाठायची. मेणबत्ती लावायची, त्रिसरण-पंचशील म्हणायचं, खीर वाटून खायची, परत यायचं. एक माणूस कधी बुडाला नाही.

२००३ला वसाहतीतली माणसं पर्यायी जमिनीसाठी दोन दिवस त्याच पाण्यात उभी राहिली. ते तुम्हाला झोंबलं. पुढच्या वर्षी त्याच काठावर पर्यटकांचा कॅम्प आला. तंबू आले, बोटी आल्या, लाल जॅकेटं आली. गुंडूकाकांची काहील जप्त झाली. आणि कॅम्पच्या बोटीत वसाहतीतल्या माणसाला घ्यायचं नाही, अशी ऑर्डर आली. दोन वर्षं आबा, म्हणजे माझे वडील गणपती कांबळे, काठावरून माघारी फिरले.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, पर्यटक व्हायचं.

मी शहरात, शाहूपुरीत मोटार पार्टच्या दुकानात कामाला आहे. माझ्याबरोबर काम करणारा यशराज मलकापूरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढंच व्हय? बुकिंग माझ्या नावावर टाक की अतुल. पत्ता शाहूपुरीचा. पाच माणसं, दोन तंबू, एक बोट. कोण तपासाय बसलंय?"

दुपारी गिऱ्हाईक नसताना खोक्याच्या पुठ्ठ्यावर आम्ही यादी केली. सतरंज्या, बॅटरी, चिवडा, पाण्याचा कॅन. उन्हाच्या टोप्या यशराजनं घालायला लावल्या. "पर्यटक दिसाय नको का? तू नुसता उभा ऱ्हायलास तरी मोर्च्याला आलाईस असं वाटतंय." माझी बायको निशा म्हणाली, खीर मी डब्यातनं नेते, विचारलं तर नवऱ्याचा वाढदिवस सांगते. बहीण क्रांतीनं मेणबत्त्या केकसाठी म्हणून घेतल्या. आईला भेटायला जायचं तर असं चोरासारखं सामान बांधायला लागलं.

आबांना सांगायला वसाहतीत गेलो. त्यांचा दम लागायचा वाढला होता. औषधाची पिशवी उशाला होती.

"तंबूत ऱ्हायाचं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आबा. एकच रात."

"गाव बुडाल्यावर दोन वर्सं ताडपत्रीखालीच काढली की. आता लोकं हौसेनं झोपत्यात व्हय तसं?"

निशा हसली. "मामा, आता तसंच चालतंय."

"चालू दे. तिच्यापतुर न्हेतायसा न्हवं? मग मी गटारीत बी झोपतो. पुढच्या साली मला न्हेतायसा का पोचवतायसा, कुणाला ठावं."

मग मी त्यांची तयारी करून घेतली. "कुणी गाव विचारलं तर काय सांगायचं?"

"शाहूपुरी."

"परत एकदा."

"शाहूपुरी, शाहूपुरी, शाहूपुरी. राघू केला की रं माझा!"

सगळं ठरवलं, तोंडाचं पाठ करून घेतलं. हाताचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

कॅम्पवर पोचलो. आमचे तंबू लागले. टोपी घातलेले आबा खुर्चीवर बसून समोरच्या टेकडीकडं बघत होते. पिंपळ चांगला मोठा झाला होता. बोटीच्या खिडकीवर कृष्णात नावाचा पोरगेला माणूस होता. त्यानं जॅकेटं दिली आणि एक कागद पुढं सरकवला. बोटीत बसणाऱ्या प्रत्येकानं त्यावर सही करायची. यशराजनं केली, मी केली, बायकांनी केली. आबांनी पेन घेतलं. सावकाश, एकेक अक्षर उभं करत लिहिलं. गणपती कांबळे, मु. आंबटेक.

आबा शाळेत गेले नाहीत. नव्वद-एक्क्याण्णवला साक्षरता वर्गाला आई जायची आणि रोज संध्याकाळी चुलीपुढं पाटीवर आबांना शिकवायची. नाव आणि गाव, एका दमात, एकाच सहीसारखं. तेवढं झालं आणि ती आजारी पडली. आबांचं लिहिणं तिथंच थांबलं.

कृष्णातनं कागद वाचला. "आंबटेक? वसाहतीतलं काय पावणं तुमी?"

त्यानं कागद खाली ठेवला.

"वरनं ऑर्डर हाय. वसाहतीतल्यास्नी बोट न्हाय."

"दाखीव ऑर्डर," मी म्हणालो.

"तोंडी हाय वो ती. माझी नोकरी खातायसा का?" त्यानं आबांकडं बघितलं, मग इकडंतिकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. कागद त्यानं फाडला, नवा घेतला. "मी काय बघितलं न्हाय. म्हातारबाबा, पत्ता मी घालतो शाहूपुरीचा. तुमी नुसता अंगठा लावा. चला, ऊन वाढाय लागलंय."

त्यानं शाईची डबी उघडून पुढं ठेवली. पन्नास पावलांवर बोट होती. बोटीनं दहा मिनिटांवर टेकडी.

आबा डबीकडं बघत राहिले. "हे तिनं सोडवलंय माझं," ते म्हणाले. "तिच्याकडंच जायला अंगठा लावू?"

"लावा की आबा!" मी ओरडलो. होय, मी. "एकदाचा लावा! तीन वर्सं झाली! पुढचं साल कुणी बघितलंय?"

"न्हाय बघितलं म्हणूनच," आबा म्हणाले. त्यांनी जॅकेटचे पट्टे एकेक सोडले, जॅकेट घडी घालून खिडकीत ठेवलं. "तुमी जावा. खीर ठेवून या."

आम्हीही गेलो नाही. क्रांतीनं काठावर दगडांच्या आडोशाला मेणबत्ती लावली. वाऱ्यानं ती चारदा विझली. आबा घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून पंचशील म्हणत होते. मध्येच धाप लागायची, ते थांबायचे आणि पुन्हा पुढचं म्हणायचे. तेवढ्यात दुसऱ्या एका सहलीची बोट टेकडीला वळसा घालून गेली. बोटीतल्या बाईनं आमच्याकडं बघून हात हलवला.

साहेब, माझ्या म्हाताऱ्या बापाला अंगठा लाव म्हणून मी ओरडलो. ते मला आयुष्यभर पुरेल, त्याचं मी बघतो. तुमचं तुम्ही सांगा. ती ऑर्डर दिली कुणी? तोंडी का दिली, कागदावर घ्यायला कशाची भीती वाटली? डॉक्टर म्हणतात, आबांनी हा पावसाळा काढला तर काढला. ते येत्या फेब्रुवारीत त्याच खिडकीपुढं उभे राहणार आहेत आणि गावाचं नाव लिहिणार आहेत. त्यांना बोटीत घेणार की नाही? होय किंवा नाही, लेखी कळवा. आणि ते जिवंत आहेत तोवर कळवा.