नवरीचा चेहरा

इंदूरमधल्या विजयनगरच्या स्टुडिओत सकाळपासून लाइट लावून सगळे बसले होते आणि नवरी होणारी मॉडेलच आली नव्हती. जाहिरात दागिन्यांची होती. दुकानाचे मालक सारखे आत-बाहेर करत होते.

दिग्दर्शक पूर्वाचं पोट जाहिरातींवर चाले. जीव मात्र माहितीपटांत होता. माळव्यातल्या बालविवाहांवर तिने केलेली फिल्म पुण्या-भोपाळपर्यंत गाजली. टाळ्या पुष्कळ मिळाल्या, पुढच्या फिल्मला मात्र कुणी पैसे दिले नाहीत.

मेकअप करणारी सरला पहिल्या कामापासून तिच्यासोबत होती. दुपारी सरलाची मुलगी लीला शाळा सुटल्यावर घरून आईचा डबा घेऊन आली आणि मालकांची नजर तिच्यावर खिळली.

"मॅडम, यही चेहरा चाहिए. एकदम भोला."

"अकरावीत आहे ती," पूर्वा म्हणाली.

"तो क्या हुआ? सचमुच की शादी थोड़े ही है."

सरला हसली. "करू द्या ना ताई. शौक आहे तिला."

दिवस वाया चालला होता. पूर्वा हो म्हणाली. सरलाने पोरीला शालू नेसवला, मुंडावळ्या बांधल्या. लीला लाइटमध्ये उभी राहिली तेव्हा सेटवरची कुजबुज थांबली.

खजरान्याच्या रस्त्यावर तिचं भलंमोठं होर्डिंग लागलं. इंदूरजवळच्या बेटमा गावातल्या एका व्यापारी घराने ते पाहिलं आणि चौकशी करत माणसं सरलाच्या दारात येऊन ठेपली. खाऊनपिऊन सुखी घर, आपल्याच जातीतलं, वर हुंडाही नको.

पूर्वाला कळलं तेव्हा दारात मांडव पडला होता.

"सरला, पोरीला सतरावं चालू आहे. मी आत्ता फोन केला तर पोलीस येतील."

 सरलाचा नवरा बाबूराव पुढे आला. आवाज न चढवता म्हणाला, "मॅडमजी, तिला नवरी तर तुम्हीच बनवली. तेव्हा उमर नाही पाहिली? पूरा शहर पाहून राहिलंय. आता लग्न मोडलं तर कोण करेल पोरीला?"

 हळदीने माखलेली लीला दारातून म्हणाली, "ताई, परीक्षा देऊ देणार आहेत ते लोक. बोलणं झालंय."

फोन हातातच राहिला. पूर्वा परतली.

परीक्षा झालीच नाही. लीलाला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिला झटके आले. बेटम्याहून इंदूरला आणेपर्यंत लीला आणि बाळ दोघंही गेली. पूर्वा पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं.

लग्नसराईच्या तोंडावर मालकांचा फोन आला. "मॅडम, वही ऐड फिर चलाते हैं. लड़की हिट है."

"ती मुलगी गरोदरपणातच गेली."

 "बहुत बुरा हुआ. पर ऐड का क्या है, वो तो..."

"ती जाहिरात आता कुठेही दिसणार नाही," पूर्वा म्हणाली. "दिसली, तर नवरीचं वय काय होतं ते मी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन सांगेन. आणि माझ्या सेटवर पुन्हा कुठलीही शाळकरी पोर नवरी होणार नाही."

ते काम गेलं. बातमी फिरली, तशी आणखीही गेली.

मग एका दुपारी सरला आली. किती वाळली होती. म्हणाली, "ताई, तुम्ही लोकांना दाखवायची फिल्म करता ना, तशी माझी करा."

"तुझा चेहरा लपवू आपण."

"नको. पावडरपण नको."

पूर्वाने खिडकीजवळ खुर्ची मांडली, कॅमेरा सुरू केला. सरला बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली.

"मी सरला. मी माझ्या लीलाला तीनदा सजवलं. एकदा ऐडसाठी, एकदा लग्नात. आणि सासरचे म्हणाले, सवाष्ण गेलीय, नटवून न्यायची; तेव्हा तिरडीवर. हिरवी साडी नेसवली, ओटी भरली. कुंकू लावताना सवयीने म्हणून गेले, बाळा, डोळे मीट."

पूर्वाला भिंगातलं काही दिसेना. सरला उठली, पदराने तोंड पुसलं आणि खुर्ची मोकळी करून म्हणाली, "आता तुम्ही बसा, ताई."

कॅमेरा चालूच होता. पूर्वा त्याच्यासमोर येऊन बसली आणि तिने आपलं नाव सांगितलं.