मऊटणक

मी एक जुनी पिशवी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मला बघून कुणाला फडकं वाटतं, कुणाला उशीचा विटका अभ्रा. परवा तर एकीने मला उचलून थेट बादलीकडेच नेलं होतं! ते पुढे सांगेन. मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची असेल तर माझ्याकडे टक लावून बघण्यात काही अर्थ नाही. डोळे मिटायचे आणि आत हात घालायचा. माझी रीतच तशी आहे.

माझा जन्म एका पँटमधून झाला. हसू नका. लहान मुलांचा वर्ग घेणाऱ्या मावशीच्या यजमानांची तपकिरी, उभ्या रेघांच्या जाड कापडाची पँट गुडघ्यावर विरली होती, पण गुडघ्याखाली अगदी शाबूत होती. मावशीने कात्री घेतली आणि दोन्ही पाय कापले. डाव्या पायाचं पायपुसणं झालं. तो बिचारा पायाचा पायातच राहिला. उजवा पाय म्हणजे मी. खालून मला दुहेरी शिवलं आणि तोंडाशी इलॅस्टिक घातलं. लहान मनगट सहज आत जावं, पण आतलं काही दिसू नये, इतकं बेताचं.

यजमान म्हणाले, "अगं, एकदा विचारायचं तरी! आवडायची मला ती पँट."

"आता मुलांना आवडेल," मावशी म्हणाली आणि दोरा दाताने तोडला. विषय संपला.

मुलं म्हणजे सहा जणं, तीन ते पाच वर्षांची. मावशी त्यांचा वर्ग घरातच घ्यायची. सकाळी दहाच्या आत बाहेरच्या खोलीतला सोफा भिंतीला सरकवायचा, सतरंजी अंथरायची, की झाला वर्ग. बाक नाही, फळा नाही. कधी मुलं तांब्यातून पेल्यात पाणी ओतत बसायची आणि जमीन ओली करायची. कधी जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून त्यांचा हा ढीग करायची आणि मग त्यात लोळायची. कधी खडूने काढलेल्या वाकड्या रेघेवरून चमच्यात गोटी घेऊन चालायची. शेवटची पंधरा मिनिटं माझी. मावशी मला खुंटीवरून काढायची आणि खोली एकदम गप्प व्हायची. खोटं कशाला बोलू, मला फार मिजास चढायची तेव्हा.

माझा नियम एकच होता. आत हात घातल्यावर वस्तूचं नाव पटकन सांगून टाकायचं नाही. आधी ती हाताला कशी लागते ते सांगायचं. गुळगुळीत की खरखरीत? गार की ऊबदार? टोचतंय की गुदगुल्या होताहेत? नाव मागून. "नाव कुणीही पाठ करतं," मावशी म्हणायची, "तुझ्या बोटांना काय कळलं ते सांग."

त्या सहांत एक होता 'काका'. वय वर्षं चार. सारखं "का? का?" विचारायचा म्हणून मुलांनीच त्याला काका करून टाकलं होतं. नवीन माणसाची मोठी पंचाईत व्हायची. "काकांना शूला जायचंय" असं ऐकलं की लोक मावशीच्या यजमानांकडे बघायचे.

आणि एक होती खारुताई. साडेतीन वर्षांची, फ्रॉकला दोन खिसे आणि दोन्ही सदा भरलेले. बारके खडे, बाटलीची झाकणं, पेन्सिलीचं साल, काय वाटेल ते. तिचे बाबा प्लंबर होते. रोज सकाळी त्यांच्या तीनचाकी टेम्पोतून, पाइपांच्या शेजारी बसून, ती यायची. तिच्या गल्लीतली आणखी दोन मुलंही त्याच टेम्पोतून यायची.

शुक्रवारी प्रत्येकाने घरून एक वस्तू लपवून आणायची आणि गुपचूप माझ्या पोटात टाकायची, असा रिवाज होता. एका शुक्रवारी खारुताईने बाबांच्या पेटीतला नळाचा रबरी वॉशर आणला. काळा, गोल, मधे भोक. सोमवारी नेमका तोच तिच्या हाताला लागला. नाव तिला तोंडपाठ होतं, पण नियम म्हणजे नियम. तिने डोळे घट्ट मिटले, जिभेचं टोक बाहेर काढलं, बराच वेळ चिमटीत दाबून पाहिलं.

"मऊ," ती म्हणाली. मग मान हलवली. "नाही, टणक." परत दाबून पाहिलं. "मावशी, मऊटणक आहे!"

मावशीने हसू दाबलं नाही आणि तिला दुरुस्तही केलं नाही. तिने स्वतः आत हात घातला, दाबून पाहिलं आणि म्हणाली, "अगदी बरोबर. मऊटणकच आहे." मग काय, आठवडाभर मुलांना जिकडेतिकडे मऊटणक सापडायला लागलं. कानाची पाळी मऊटणक. चपलेचा तळवा मऊटणक. काकाने तर यजमानांचं पोट दाबून पाहिलं आणि तेही मऊटणक ठरवलं.

पण तो शब्द खारुताईबरोबर टेम्पोतून घरी गेला आणि तिथे बिनसलं.

दुसऱ्या दिवशी प्लंबरबाबा दारातच थांबले. हातात पान्यांची पिशवी, नजर खाली.

"ताई, एक बोलायचं होतं. राग मानू नका."

"बोला ना, दादा."

"हे मऊटणक काय आहे? मऊ असेल तर मऊ म्हणावं, टणक असेल तर टणक. असला शब्द आहे का कुठे? उद्या मोठ्या शाळेत विचारलं आणि ही असं काही बोलली तर हसतील तिला. तीन महिने झाले, वहीत एक रेघ नाही. रोज विचारतो, काय केलं? म्हणते, पिशवीत हात घातला."

"पेन्सिल येईल हो हातात, पण आधी बोटं जरा..."

"बोटांचं मला नका सांगू," ते मधेच म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खालीच गेला होता. "आयुष्य चाललंय माझं बेसिनखाली मुंडकं घालून. दिसत काही नाही, नुसतं चाचपायचं. माझ्या पोरीच्या वाट्याला तेच नको आहे मला. हा महिनाभर बघतो. नाहीतर पलीकडच्या चौकात एक वर्ग आहे, तिथे अक्षरं गिरवून घेतात. तिथे घालीन."

टेम्पो गेला. खारुताई गेली की त्या टेम्पोतली दोघंही जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. उरणार तीन. "तिघांत कसला गोल करायचा?" ती संध्याकाळी यजमानांना म्हणाली. "आणि त्यांचं तरी काय चुकलं? बापाला काळजी असणारच. मीच कुठे चुकतेय का, सांगा ना."

दुसऱ्या दिवशी मावशीने सहा वह्या आणल्या.

मित्रांनो, ते पंधरा दिवस मी विसरलेले नाही. मी खुंटीवर लटकत होते आणि खाली मुलं उभ्या रेघा काढत होती. काका विचारायचा, "पिशवी का नाही?" मावशी म्हणायची, "उद्या हं." खारुताई पेन्सिल मुठीत धरायची आणि इतकी दाबायची की कागद फाटायचा. जाताना मात्र रोज माझ्याखाली उभी राहून, टाचा उंचावून, बोटाने माझा तळ दाबून बघायची. वॉशर आहे ना, याची खात्री करून घ्यायची. मला हुंदका फुटायचा, पण पिशवीचा हुंदका कोण ऐकणार?

शेवटी मार्ग यजमानांनीच काढला. सकाळी दाढी करता करता म्हणाले, "तू एकटी का डोकं फोडतेस? त्या पालकांनाच एकदा बसव की सतरंजीवर. माझ्या पँटीत हात घालू देत सगळ्यांना."

"शी! काय बोलता!" मावशी म्हणाली, पण पंधरा दिवसांनी पहिल्यांदा खळखळून हसली.

शनिवारी पालक आले. मोठी माणसं सतरंजीवर गुडघे आवरत कशीबशी बसली आणि मुलं सोफ्यावर परीक्षक म्हणून. पहिली पाळी एका बँकेतल्या आईची. तिने आत हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. "ई! काहीतरी मेलंय आत!" तो भांडी घासायचा ओला स्पंज होता. मग काकाचे वडील. ते हायस्कुलात शिक्षक. लिंबू पिळायचं यंत्र चाचपून ते गंभीरपणे म्हणाले, "हा एखाद्या मोटारीचा भाग असावा." मुलांनी सोफा दणाणून सोडला. "नाव नाही! नाव नाही सांगायचं! कसं लागतंय?" मास्तरांना सांगता येईना. "लागतंय म्हणजे... आपलं... आहे तसं," ते म्हणाले आणि घाम पुसत बसले.

प्लंबरबाबा दाराजवळ उभेच होते. "मला नको. माझे हात चांगले नाहीत," ते म्हणाले. खरंच, हाताच्या रेघांत काळं वंगण मुरलेलं होतं. पण खारुताईने त्यांचं बोट धरून ओढत आणलं आणि बजावलं, "बाबा, डोळे मिटा. लबाडी नाही."

त्यांनी हात घातला. तो हात आत येताच मला कळलं, मित्रांनो. तो घाबरला नाही, शोधत फिरला नाही. प्रत्येक वस्तूवर क्षणभर थांबत, ओळख पटवत पुढे गेला.

"कंगवा. दोन दात गेलेत," डोळे मिटूनच ते म्हणाले. "अक्रोड, एका बाजूने चिरलेला. किल्ली. घराच्या कुलपाची नाही, कपाटाची. हा नट, अर्धा इंची, आटे झिजलेत."

काकाचे वडील म्हणाले, "अहो, तुम्हाला दिसतं की काय?"

"आमच्या बाबांचे हात बघतात," खारुताई सोफ्यावरून म्हणाली. तिच्या दृष्टीने त्यात नवल काहीच नव्हतं.

मावशी हळूच म्हणाली, "दादा, नियम मात्र मोडलात. एक तरी वस्तू, नाव न सांगता."

हात पुन्हा फिरला आणि तळाशी थांबला. वॉशर. दोन बोटांनी त्याला दाबलं, सोडलं, परत दाबलं. "हा तर..." ते म्हणाले. "नाव नाही!" सहाही मुलं ओरडली.

"बरं बाबा. मऊ आहे. म्हणजे मऊ कसला, दाबला तर दबतो, पण लगेच परत येतो. टणकच म्हणायचा. तसा टणकही नाही..." ते थांबले. कपाळाला आठी पडली. डोळे मिटलेलेच. मग कानापर्यंत लाल होत, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मऊटणक."

आणि असा हशा उठला की पायपुसण्यालासुद्धा ऐकू गेला असेल. तेही हसत होते. पण हात त्यांनी लगेच बाहेर काढला नाही.

"नवा वॉशर असाच लागतो," ते मावशीला म्हणाले. "जुना झाला की नुसता टणक होतो, मग नळ गळतो. वीस वर्षं माझ्या हाताला हे कळतंय. माझ्या वडिलांच्याही हाताला कळायचं. पण त्यांना सांगता आलं नाही, मलाही नाही. शब्दच नव्हता." मग लेकीकडे बघून म्हणाले, "हिला कुठून सापडला?"

सोमवारी दहाच्या ठोक्याला टेम्पोचा हॉर्न वाजला. त्यातून तिघं उतरली. वह्या राहिल्या, पण शेवटची पंधरा मिनिटं पुन्हा माझी झाली.

दिवस काय, भराभर गेले. सहा गेले, दुसरे सहा आले, अशा किती तुकड्या माझ्या पोटात हात घालून मोठ्या झाल्या, मोजदाद नाही. पुढे मावशीचे गुडघे सतरंजीवर टेकेनात आणि वर्ग थांबला. सोफा पुन्हा मधे आला. मी दारामागच्या खुंटीवर. काही वर्षं माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवत, मग तेही बंद झालं. माझं इलॅस्टिक सैल पडलं. चिमटे गेले, पण तळाच्या शिवणीत एक वस्तू अडकून राहिली होती. ती कुणी काढली नाही.

आता परवाची गोष्ट. मावशी बरेच दिवस तापाने पडून होती. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलेलं, पण तिची शीर सापडेना. आधी एक जण येऊन दोनदा टोचून गेला, मग दुसरा तीनदा. हातावर निळे डाग. मावशी वैतागून म्हणाली, "आता कुणाला बोलावू नका. पुरे झालं." यजमानांनी तरीही लॅबला आणखी एक फोन केला. तेवढ्यात कामाच्या बाईंनी खिडकी पुसायला मला खुंटीवरून काढलं आणि बादलीकडे निघाल्या. दारावरची घंटा वाजली, म्हणून वाचले. त्यांनी मला खुर्चीवर टाकलं आणि दार उघडलं.

लॅबमधून एक मुलगी आली होती. पांढरा कोट, दोन्ही खिसे फुगलेले. तिने पेटी ठेवली आणि खुर्चीकडे बघून ओरडलीच.

"अगं बाई! ही अजून आहे?"

मावशीने उशीवरून मान वळवली. कोटाचे खिसे बघितले. "खारुताई?"

मग काय, दोघींनी आधी डोळे पुसले. नंतर खारुताईने मावशीच्या दंडाला पट्टा बांधला. हात उजेडाकडे वळवला. काहीच दिसेना.

"दिसत नाहीये," ती पुटपुटली.

"मग?" मावशी म्हणाली. आवाज क्षीण होता, पण तोच होता. "नियम विसरलीस? आधी कसं लागतंय ते सांग."

खारुताईने डोळे मिटले. जिभेचं टोक बाहेर आलं. एक बोट मावशीच्या कोपराच्या खळगीत हळूहळू फिरलं, थांबलं, दाबून पाहिलं, परत दाबून पाहिलं.

"मऊटणक, मावशी," ती म्हणाली. "सापडली."

एकदाच टोचलं. मावशी "आई गं" सुद्धा म्हणाली नाही.

जाताना खारुताईने माझ्यात हात घातला. वीस-बावीस वर्षांनी तिचा हात पुन्हा माझ्यात आला, मित्रांनो. शिवणीतला वॉशर तिने बरोबर शोधला आणि दाबला. "नुसता टणक झालाय गं," ती म्हणाली आणि मला झटकून पुन्हा खुंटीवर टांगलं.

काल ती रिपोर्ट घेऊन आली, त्यात काळजीचं काही नव्हतं. मावशी उशीला टेकून बसली होती. खारुताईने खिशातून एक पुडी काढली. "बाबांनी पाठवलंय. म्हणाले, जुना काढ आणि हा घाल."

मला रेशमात गुंडाळून ठेवा असं माझं म्हणणं नाही. एवढंच सांगते की तुमच्या घरात दारामागे एखादी माझ्यासारखी लटकत असेल, तर तिला बादलीत घालण्याआधी एकदा डोळे मिटून तिच्यात हात घाला. आणि जे लागेल त्याला शब्द नसेल, तर बेधडक नवा करा. माझ्या पोटात आता नवा वॉशर आहे. कसा लागतोय, ते तुम्हाला माहीत आहेच.