वाखाच्या दोरीवरच्या गाठी

पाहुणीला वजनकाट्यावर ठेवलं आणि कमी दिवसांच्या बाळांच्या वॉर्डातल्या अकरा बायांनी माना उंचावल्या. रोज सकाळी असंच व्हायचं. कुणाचंही बाळ दहा ग्रॅमनं वाढलं तरी टाळ्या पडायच्या, एखादी जीभ वळवून लुलुलु करायची. आज टाळी पडली नाही.

"अकराशे चाळीस," सिस्टर फालेसी हळू आवाजात म्हणाली. "काल किती होतं, तियामिके?"

"अकराशे साठ."

एकोणीस वर्षांच्या तियामिकेची ही पहिली लेक. दोन महिने आधीच आलेली. नवं बाळ म्हणजे पाहुणं, ते घरच्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत नाव ठेवायचं नाही, हा तियामिकेच्या आईचा हट्ट. म्हणून सगळा वॉर्ड तिला पाहुणी म्हणे. तीन आठवडे तियामिके तिला चितेंजेच्या कापडानं छातीशी बांधून बसली होती, जेवताना, डुलकी घेताना, मुलूखभरच्या गप्पा ऐकताना. पण चार दिवसांपासून पाहुणीचे ओठ मक्याच्या पिठासारखे पांढरे पडत चालले होते.

तेवढ्यात लापशीचं भांडं घेऊन तियामिकेची आई आत आली. एनेलेसी तिचं नाव. वय चव्वेचाळीस. मुलांजे डोंगराच्या पायथ्याला चहाची पानं खुडून बोटं काळी झालेली, जीभ मात्र धारदार. काट्यावरचा आकडा तिला वाचता येत नव्हता. लेकीचा चेहरा तिनं वाचला.

"मी म्हटलं नव्हतं? रोज येतात, टाच टोचतात, नळी भरून नेतात! आमच्या गावात लोक रात्री येऊन रक्त पिणाऱ्या रक्तशोष्यांच्या भीतीनं दाराला दोन-दोन कड्या लावतात, आणि माझी पोर त्यांना 'या, बसा' म्हणते!"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. बाकीच्यांनी आपापली बाळं जरा घट्ट धरली.

"आई, हळू बोल ना!"

"का म्हणून हळू? बांध गाठोडं. बाराच्या बसनं पाहुणीला घरी न्यायचं."

तियामिके काही बोलणार, एवढ्यात तिच्या हातातली पाहुणी अगदी स्तब्ध झाली. छाती हलेना! ओठांभोवती निळसर छटा आली.

"सिस्टर!"

फालेसीनं झेप घेतली. तळव्यावर टिचकी मारली, पाठ चोळली. "ये गं बये, श्वास घे, विसरलीस का?" एक टिचकी, दुसरी टिचकी... आणि पाहुणीनं मांजरीच्या पिल्लासारखा बारीक सूर काढला. सगळ्या वॉर्डानं एकदम श्वास सोडला.

"आता नेता घरी, मावशी?" फालेसीनं विचारलं.

एनेलेसी खाटेच्या कडेवर बसली. "काय झालंय हिला?"

"रक्त कमी पडलंय. पोटातल्या शेवटच्या महिन्यांत आई बाळाला लोहाची शिदोरी बांधून देते. ही घाईत शिदोरी न घेताच निघाली. नवं रक्त बनवणारा तिच्या हाडांमधला कारखाना अजून झोपेतच आहे. म्हणून वजन घटतं, श्वास थांबतो. तिला आजच रक्त द्यायला हवं. घ्यायला नाही, द्यायला!"

"द्या की मग!"

"आमच्या फ्रिजमध्ये एकही पिशवी नाही."

"नाही? आणि तुम्ही नेलंत ते?" एनेलेसीनं कमरेला खोचलेली वाखाची दोरी काढून फालेसीच्या हातावर आपटली. दोरीभर गाठीच गाठी. "मळ्यात माझ्या टोपल्या मी अशाच मोजते. म्हटलं, नातीचं रक्तही मोजू. एका नळीला एक गाठ. मोठ्या नळीला दुहेरी. एकतीस नळ्या झाल्या, सिस्टर!"

आता सिस्टर हसणार किंवा चिडणार, असंच तियामिकेला वाटलं. फालेसी यातलं काहीच करेना. एकेक गाठ ती बोटानं चाचपत गेली.

"इथे लागोपाठ दोन दुहेरी?"

"सकाळी एकजण घेऊन गेला. दुपारी दुसरा आला, म्हणे पहिली नळी सापडत नाही."

"आणि या तीन एकाच दिवशी?"

"तीन वेगळी माणसं. तीनदा टाच."

फालेसी मटकन स्टुलावर बसली. "मावशी, एवढ्याशा बाळाच्या अंगात सगळं मिळून एक चहाचा कप भरेल इतकंच रक्त असतं. या एकतीस नळ्या म्हणजे... त्यातला तिसरा हिस्सा आम्हीच नेला!" ती ताडकन उठली. "तुमची म्फुंदो बरोबर आहे!"

त्यांच्या बोलीत गाठीलाही म्फुंदो म्हणतात आणि बोलण्यातल्या मुद्द्यालाही. पलीकडच्या खाटेवरची बाई ओरडली, "एनेलेसी, तुझ्याकडे तर एकतीस म्फुंदो आहेत, निवडणुकीला उभी राहा!" वॉर्ड खदखदून हसला.

एनेलेसी भांडणाची तयारी करून आली होती. समोरची बाई सरळ चूक कबूल करेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"पण ते रक्त कुणी प्यायलं नाही, मावशी," फालेसी म्हणाली. "दुसऱ्या आठवड्यात पाहुणीला जंतूंची लागण झाली, ती याच नळ्यांनी पकडली. तपासण्या हव्याच होत्या. मात्र बेरीज आम्ही कुणी केली नाही, तुम्ही केलीत. मी माझी चूक मानली. आता तुम्हीही ती रक्तशोष्यांची गोष्ट सोडा. त्या भीतीनं तुमच्या गावातून कुणी रक्त द्यायला येत नाही, आणि आमचा फ्रिज रिकामा राहतो."

एनेलेसी नातीच्या पांढऱ्या ओठांकडे बघत राहिली.

"किती लागेल हिला?"

"चार चमचे. चहाचे."

"चार चमचे?" एनेलेसीचा आवाज चिरकला. "चार चमच्यांसाठी मी हिला बसनं मरायला नेत होते?" तिनं बाही वर सारली. "घ्या! पण गाठ मी याचीही मारणार, सांगून ठेवते!"

एनेलेसीचं रक्त ओ गटाचं निघालं, पाहुणीला चालणारं. तपासणी, जुळवणी होईतो दुपार झाली. मग थेंब थेंब करत आजीचं रक्त नातीत उतरू लागलं. एनेलेसीनं दोरी परत घेऊन त्याचीही गाठ मारली. तियामिकेनं पापणीही लवू दिली नाही.

"आई... आई, ओठ बघ!"

ओठ गुलाबी होत होते! अकरा जणींनी असा लुलुलु केला की बाहेर चुलीपाशी बसलेल्या नातेवाईक बाया पळत आत आल्या. एनेलेसी त्यांच्यावरच गरजली, "नुसत्या बघताय काय? रांग लावा! सुई मुंगीएवढी चावते!" त्यातल्या तिघींनी खरंच रक्त दिलं.

फालेसी ती दोरी डॉक्टरांना दाखवून आली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खाटेला एक दोरी लटकली. सगळ्या तपासण्या एकाच टोचणीत, सगळ्यांत लहान नळीत होऊ लागल्या. पाहुणीला लोहाचे थेंब सुरू झाले. बाळंतपणाच्या खोलीत, बाळ नीट रडत असेल तर नाळ कापायला मिनिटभर थांबायचं ठरलं. नाळेतलं रक्तही बाळाचंच, ते त्याला मिळू द्यावं.

मैत्रिणींनो, दवाखान्यात आपण घाबरून गप्प बसतो, नाहीतर घाबरून पळ काढतो. तिसरी वाट आहे: डोळे उघडे ठेवून बघायचं, मोजायचं, विचारायचं! आणि डॉक्टर-सिस्टरांनो, निरक्षर आजीच्या हातातली दोरीही वाचायला शिका. रक्त देणाऱ्याला चार दिवसांत त्याचा विसरही पडतो. घेणाऱ्या बाळाचं अख्खं आयुष्य उभं राहतं.

पाच आठवड्यांनी पाहुणी काट्यावर चढली. अठराशे दहा! टाळ्यांच्या गदारोळात तियामिकेनं तिला चितेंजेत बांधलं आणि घरची बस धरली. घराच्या उंबऱ्यावर एनेलेसी वाट अडवून उभी राहिली.

"थांब. पाहुणी म्हणून आत यायचं नाही."

"मग काय म्हणून, आई?"

एनेलेसीनं कमरेची दोरी काढली, स्वतःच्या रक्ताची ती शेवटची गाठ अंगठ्यानं कुरवाळली, आणि नातीच्या कपाळाला टेकवली.

"म्फुंदो म्हणून. ये गं म्फुंदो, घरात ये."