पॉइंट सात

टकळीने तिसऱ्या सिलिंडरवरची, ठिणगीला वीज देणारी कॉइल उपसली, तिच्या तोंडाशी फुंकर मारली आणि ती पहिल्या सिलिंडरवर नेऊन दाबली. टक् झालं. पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर गेली. पुन्हा टक्.

"आता दुखणं कॉइलबरोबर हललं, तर कॉइल चोर," ती म्हणाली. "नाही हललं तर कॉइल साव, आणि मग आपण पुढे—"

"तोंड बंद," आत्या म्हणाली. "इंजिन ऐकू दे."

शाळा सुटल्यावर गॅरेजमध्ये घालवलेल्या प्रत्येक दुपारी हे वाक्य तिच्या वाट्याला यायचं. हजेरीपटावर तिला चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण इथे ती टकळी. सुताची टकळी निदान धागा संपला की थांबते, हिची तीही सोय नाही, असं आत्याने एकदा म्हटलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. टकळीला त्याचं काही वाटत नसे. यंदा वक्तृत्वात ढाल मिळाल्यापासून तर ती हे नाव मिरवायचीच.

आत्याला मात्र लोक कानावरून ओळखत. चार गल्ल्या पलीकडचे लोकही सांगत, गाडीचं दुखणं सापडत नसेल तर त्या कानवाल्या बाईंकडे न्या. मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ती डोळे मिटायची, आणि डोळे उघडले की निकाल तयार. त्या निकालावर अपील नसे.

म्हणूनच आजचा दिवस वाईट होता. नर्सबाईंची ही लाल टर्बो गाडी गेल्या आठवड्यात इथूनच नवे स्पार्क प्लग घालून गेली होती. "निर्धास्त जा," असं आत्याने बॉनेटवर थाप मारून सांगितलं होतं. आज ती तेच दुखणं घेऊन परत आली. या गॅरेजमधून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत आल्याचं टकळीने कधी पाहिलं नव्हतं. आत्याचा चहा टेबलावर साय धरून बसला होता.

नर्सबाई भांडल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. टेकडीवरच्या वस्त्यांमध्ये त्या बाळंतपणं करायला जात. त्या एवढंच म्हणाल्या, की परवा भर चढावर गाडीने मान टाकली आणि वर एक बाई कळा देत होती. राग नाही, पण आज झालं नाही तर मला दुसरीकडे बघावं लागेल. मग त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि कुणाशी तरी फोनवर बोलू लागल्या.

आत्याने गाडी पाण्याच्या टाकीच्या चढावर घातली. टकळी शेजारी, मांडीवर स्कॅनर. सपाटीवर इंजिन लोण्यासारखं चाललं होतं. चढ लागला, आत्याने पाय दाबला, टर्बोने शीळ घातली आणि गाडी झेपावली. मग त्या शिळेच्या आत, अगदी बारीक, फट्. पुन्हा फट्, फट्. कुणीतरी ओठ मिटून हसू दाबावं तसं.

"गेलं," आत्या म्हणाली. "मिसिंग गेलं. कॉइलच होती."

टकळीने तोंड उघडलं आणि मिटलं. आत्या म्हणते गेलं, म्हणजे गेलं असणार. तिने मांडीवर पाहिलं. स्कॅनरवर दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग, म्हणजे पेट चुकल्याची खूण, आलं होतं, आणि चौथ्याचंही. पहिला आणि तिसरा, ज्यांच्या कॉइली अदलाबदल केल्या होत्या, ते दोघे मुकाट होते.

तिने स्कॅनर वर धरला. आत्याने तो वाचला. स्टिअरिंगवर टेकवलेला तिचा तळवा जरासा सरकला.

"काच उघडी होती," ती म्हणाली. "वाऱ्याचा आवाज."

काच बंद होती.

गॅरेजमध्ये परतल्यावर टकळीला राहवेना. एखाद्या सिलिंडरचं दुखणं जागा धरून बसतं, सगळ्यांचं असेल तर ते फिरतं, हे आत्याचंच वाक्य तिने आत्यालाच ऐकवलं. मघाशी तिसरा होता, आता दुसरा आणि चौथा. म्हणजे एकटा कुणी गुन्हेगार नाही, सगळी टोळी सामील आहे. पेट्रोलचा दाब सकाळीच मोजून झाला होता, ठीक होता. टर्बोच्या नळ्यांवर साबणाचं पाणी टाकून पाहिलं होतं, एकही बुडबुडा नव्हता. राहिलं काय?

"प्लग नवे आहेत," आत्या म्हणाली. "मी घातलेत."

"नव्यांनाच पाहू. जुने असते तर त्यांच्यावर आधीच संशय घेतला असता."

आत्या हसली नाही, पण तिने पाना पुढे केला. टकळीने चारही प्लग काढून कापडावर ओळीने मांडले. टोकं स्वच्छ होती, फिकट तांबूस. काजळी नाही, तेल नाही, भाजल्याच्या पांढऱ्या खुणाही नाहीत. आधीच्या गॅरेजने गरम जातीचे प्लग घातले होते, ते आत्याने बदलून थंड जातीचे घातले होते. टर्बोचं इंजिन तापट, आणि तापट इंजिनाला थंड प्लग लागतो, जो उष्णता झटपट बाहेर टाकतो. गेल्या आठवड्यात आत्याने हे समजावलं तेव्हा टकळी म्हणाली होती, "म्हणून बाबांना आई मिळाली." सख्ख्या भावाची अशी फजिती ऐकून आत्या हातातली बोल्टांची वाटी सांडेपर्यंत हसली होती.

म्हणजे निवड बरोबर होती. टकळीने फट मोजायचा पात्यांचा गेज घेतला आणि प्लगच्या टोकावरच्या फटीत एकेक पातं घालून पाहिलं. पॉइंट सात मिलिमीटरचं पातं ढिलं गेलं. पॉइंट आठचं अलगद, जरा घासत. चारही प्लगांत तेच.

"आत्या, फट पॉइंट आठ आहे."

"आठच ठेवायची या गाडीला. मी पार्टवाल्याला फोन करून विचारलं, मग एकेक मोजून लावली."

टकळीने मनात चित्र काढलं. साधं इंजिन म्हणजे बंद खोली, तिथे मेणबत्ती कशीही लागते. टर्बो म्हणजे पंख्याचं वारं. ठिणगीला मोठी उडी मारायला लावली आणि नेमका तेव्हाच चढावर दाब आला, तर ती फुंकर मारल्यासारखी विझते. कधी या खोलीत, कधी त्या. सपाटीवर कशाला विझेल?

"पुन्हा विचारू या?" ती म्हणाली. "त्या काकांनीच दुसऱ्या गाडीचं पाहिलं असेल. ते दुकानात एका वेळी तीन गिऱ्हाइकांशी बोलतात आणि चौथ्याला सुटे देतात."

ही कल्पना आत्याला आवडली. तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन गाडीच्या मडगार्डवर ठेवला. पलीकडे दुकानाचा कल्ला होता. आत्याने गाडीचं मॉडेल सांगितलं आणि दटावल्यासारखं विचारलं, की फट किती ठेवायची ते नीट पाहून सांगा.

"सात, ताई," पार्टवाला म्हणाला. "पॉइंट सात. गेल्या वेळीही सातच सांगितलं होतं."

आत्याने समाधानाने टकळीकडे पाहिलं.

"ऐकलंस? आठ."

टकळी तिच्याकडे बघत राहिली. फोन अजून चालू होता, कुणीतरी तिकडे हेडलाइटचा बल्ब मागत होतं.

सात. तिने ओठ न हलवता तो शब्द मनात म्हणून पाहिला. मग सुरुवातीचा 'स' काढून म्हणून पाहिला. वाफेसारखं बारीक, शिळेसारखं अक्षर. ते गळून पडलं की उरतं ते जवळजवळ आठच. तिला गॅरेजमधला रेडिओ आठवला, जो हल्ली कुणी लावत नव्हतं. आत्या अलीकडे बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघते, हे आठवलं. आणि टर्बोच्या शिळेत दडलेलं ते बारीक फट्.

एरवी टकळीने चुकीला पंख फुटायच्या आत पकडलं असतं. वर्गात ती बाईंनाही सोडायची नाही.

"हो," ती म्हणाली, आणि फोन बंद केला. "पण आपल्या बाईंना चढ फार. दाब जास्त येतो. जरा आवळून बघू या का?"

आत्या तिच्या तोंडाकडे बघत होती.

"किती?"

टकळीने गेजमधून एक पातं वेगळं केलं आणि आत्याच्या तळहातावर ठेवलं. आत्याने ते उजेडाकडे वळवून त्यावरचा आकडा वाचला. मग मडगार्डवरच्या बंद फोनकडे पाहिलं, मग पुन्हा पात्याकडे. बाहेर नर्सबाई कुणाला तरी सांगत होत्या, की पाणी उकळून ठेवा, मी निघतेच आहे.

"आवळ," आत्या म्हणाली. "मधल्या टोकाला धक्का लावू नकोस. केसासारखं असतं, मोडेल."

टकळीने चारही प्लगांच्या फटीवरच्या वाकड्या पट्टीला अगदी हलका दाब दिला. सातचं पातं जरा घासत गेलं. आत्याने प्रत्येक प्लग स्वतः पुन्हा मोजला, बोटांनीच आट्यांवर बसवून फिरवला, मग पान्याने बेताचा आवळला. तिच्या हातांना अजून काही सांगावं लागत नव्हतं.

या वेळी नर्सबाई मागे बसल्या. टाकीचा चढ लागला. आत्याने पाय दाबला, टर्बोने शीळ घातली आणि गाडी वर निघाली ती दोर तुटलेल्या वासरासारखी. वळण गेलं, दुसरं गेलं. टाकीपाशी आत्याने गाडी उभी केली. स्कॅनरकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती वळून टकळीच्या तोंडाकडे बघत होती.

"बोल," ती म्हणाली.

हा शब्द टकळीला या गाडीत, त्या गॅरेजमध्ये, कधी कुणी म्हटला नव्हता.

"एकसुद्धा नाही," तिने हळू आणि मोकळ्या ओठांनी सांगितलं. "पूर्ण गेलं."

"तुमच्या कानाला तोड नाही बाई," मागून नर्सबाई म्हणाल्या.

"हं," आत्या म्हणाली, आणि गाडी वळवली.

नर्सबाई टेकडीकडे गेल्या. आत्याने मोरीत कोपरापर्यंत हात धुतले, खसखसून, साबणाचा फेस येईपर्यंत, आणि खांद्यावरच्या पंच्याला पुसले. गार झालेला चहा ओतून तिने नवा टाकला. तेवढ्यात फोन वाजला. पार्टवाला. उद्याची ऑर्डर विचारत असणार, या वेळी रोजच विचारायचा.

आत्याने फोन उचलला, आणि कानाला न लावता टकळीपुढे धरला.

"तू बोल," ती म्हणाली. "माझे हात तेलाचे आहेत."