प्रमिला मावशीचा नंबर

मोखाड्याच्या बाजारात टीव्हीवाल्यांची 'महाचर्चा' होती, थेट प्रक्षेपण. मंचावर खुर्च्या दोन, उमेदवार सहा. माझं गणित कच्चं आहे, पण इतकंही नाही.

त्या सहांतली एक माझी प्रमिला मावशी. पक्ष एवढासा. तिला टीव्हीवर एकच सांगायचं होतं: आमच्या पाड्याची नळयोजना कागदावर पूर्ण झालीय आणि नळाला थेंब नाही. त्यासाठी ती आठ वाजल्यापासून उभी. दोन मोठे साहेब उगवले साडेअकराला.

"छोट्या पक्षांना शेवटी तीस सेकंद," निवेदक म्हणाला. "आणि ताई, सुरुवातीला जरा नाचाल का? तारपा वगैरे? छान दिसेल."

"मी उमेदवार आहे."

"हो हो, म्हणूनच विचारलं!"

मग पाऊण तास साहेबांनी एकमेकांच्या खानदानाचा उद्धार केला. निवेदक घड्याळ बघून म्हणाला, "वेळ संपत आलीय..."

माझं डोकंच फिरलं. शेजारच्या धोंडीबाईनं बाजारातून नवा हंडा घेतला होता. तो उचलला आणि मंचावर नेऊन ठेवला, बरोब्बर दोन खुर्च्यांच्या मध्ये.

"हे काय?"

"नंबर!" मी म्हणाले. "आमच्या विहिरीवर असाच लावतात. आधी आला तो आधी भरणार. हंडा मोठा म्हणून पुढं घुसता येत नाही. मावशी आठला आलीय."

बाया खदाखदा हसल्या. एका साहेबानं हंडा पायानं बाजूला सारला. संपलंच! दुसऱ्याच्या हंड्याला पाय?

"ए, पाय काढ!" धोंडीबाई कडाडली. "नंबर मोडतो काय रं?"

सगळ्या बाया उठल्या. भांडण दिसताच कॅमेरा वळला आणि निवेदकानं घाबरून माइक मावशीच्या हातात दिला. मावशी चांगली दोन मिनिटं बोलली. तारखेसकट, ठेकेदारासकट.

मी नाचतच गर्दीतल्या माझ्या मैत्रिणीकडं, हिरीकडं गेले. ती फोनवर तेच बघत होती. तिनं फोन पुढं केला. मावशीच्या चेहऱ्याखाली पट्टी: 'पाण्यासाठी स्थानिक महिलेचा टाहो'. नाव नाही, पक्ष नाही. शेजारी हंडा सारणाऱ्या साहेबाचा फोटो, नाव, पक्ष, आणि खाली 'जनतेचं ऐकून घेणारा नेता'.

मी फोन नेऊन मावशीला दाखवला. तिनं वाचलं. माइक एव्हाना बंद झाला होता. मावशीनं पदर खोचला आणि तशीच ओरडून नाव, पक्ष, चिन्ह सगळं सांगितलं. पार एस्टी स्टँडपर्यंत ऐकू गेलं.

टीव्हीवर तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती.