कमावलेले बूट

ज्या वाटेने आपण स्वतः चाललो नाही, त्या वाटेविषयी दुसऱ्याला सल्ला देऊ नये, हे मी संस्कृतच्या तासाला चाळीस वर्षे शिकवीत आलो. तरीही गेल्या मार्गशीर्षात तो दोष माझ्या हातून घडला. सल्ला माझा होता आणि सोलवटलेली टाच बयाबाईंची. अशा वेळी सल्ला देणाऱ्याने क्षमा मागून घरी बसणे पुरेसे नसते. जखम भरेपर्यंत जखमीच्या सोबत चालणे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे उरतो.

बयाबाई आमच्या गगनबावड्याकडच्या. वय चौपन्न. हिरडा, शिकेकाई, करवंदे गोळा करण्यात त्यांचे सारे आयुष्य रानात गेले, आणि तेही अनवाणी. त्यांच्या पायांची बोटे हाताच्या बोटांसारखी मोकळी पसरलेली. ओल्या दगडावर ती रोवून त्या अशा उभ्या राहत की, दगडच त्यांना धरून आहे असे वाटावे. कड्याखालच्या झऱ्याकडे जायला निघालेले पाहुणे वाट चुकले म्हणजे "ए बाई, इकडे कुठे?" असे विचारीत, आणि बयाबाई हातातले काम टाकून त्यांना पोहोचवून येत. त्यांचे नाव मात्र कोणी विचारले नाही.

यंदा वनखात्याने त्या वाटेसाठी दोन वाटाडे नेमायचे ठरवले. गेल्या वर्षी एका अनवाणी माणसाला फुरसे चावले होते आणि तो जेमतेम वाचला होता. म्हणून नव्या वनाधिकारी संयोगिता मॅडम यांनी नियम केला की, घोट्याच्या वर येणारे बूट घातल्यावाचून कोणी वाटाड्या होणार नाही. पाच उमेदवारांना खात्याचे नवे बूट मिळाले. पंधरा दिवसांनी अठरा किलोमीटरांची चाल व्हायची होती. सुरुवातीपासून शेवटापर्यंत बूट पायातून काढायचे नाहीत, काढले तर उमेदवारी संपली. नियम योग्यच होता. ज्यांच्या जिवासाठी तो केला, त्यांच्याच पायांना तो पहिल्यांदा बोचला, एवढेच.

दुसऱ्याच दिवशी बयाबाई लंगडत माझ्या ओसरीवर आल्या.

"गुरुजी, हे चावतंय की वो!"

टाचेवर रुपयाएवढा फोड होता. करंगळी लाल झाली होती.

"मग सोडून द्या," मी म्हणालो. "तुम्हाला या वयात ही यातायात कशाला?"

त्यांनी पदराने टाच टिपली. मग म्हणाल्या, "चाळीस वरसं 'ए बाई' म्हणून वाट दावली. वाटाड्याला बिल्ला मिळतो, त्यावर नाव असतंय. एकदा नावानं वाट दावू द्या मला."

यावर मी सल्ला दिला. मी जन्मभर कोल्हापुरी वहाण वापरली. नवी वहाण चावली की तिला तेल पाजायचे, रात्रभर पाण्यात ठेवायची, उन्हात सुकवायची, हे माझ्या वडिलांनी मला शिकवले आणि मी ते तसेच बयाबाईंच्या हाती दिले. बूट ही वहाण नव्हे, हा विचार मला शिवलासुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. उन्हाने बूट नारळाच्या करवंटीसारखे कडक झाले होते. उजव्याचा तळ टोकाशी सुटला होता.

"गुरुजी," बयाबाई म्हणाल्या, "आधी नुसतं चावत हुतं. आता तोंड उघडून चावतंय."

त्या हसल्या, पण मला हसू आले नाही. हातात बाराच दिवस राहिले होते.

चामड्याचा जाणता माणूस मला एकच ठाऊक होता. कोल्हापुरातले मौलाभाई. आमच्या भजनी मंडळाचा पखवाज आणि शाळेचा तबला गेली तीस वर्षे त्यांच्याच हातून दुरुस्त होतो. आम्ही सकाळची एसटी धरली. बूट मी पिशवीत न घालता मांडीवर घेऊन बसलो. चूक माझी होती, तेव्हा ओझेही मीच वाहणे उचित होते. कंडक्टर वाकून म्हणाला, "गुर्जी, ह्या जोडीचं अर्धं तिकीट काढू काय?"

मौलाभाई दुकानात खोकत खोकत हलगीला कातडे चढवीत बसले होते. त्यांनी बूट हातात घेतला, कानाशी धरला आणि टाचेच्या जागी बोटाने टकटक केले, तबल्याच्या चाटेवर, म्हणजे काठावर, करतात तसे. मग माझ्याकडे पाहिले.

"गुर्जी, ह्याला तेल पाजलासा?"

"पाजले."

"पाणी?"

"तेही."

"आन् उन्हात घातलासा." त्यांनी मान हलवली. "मंत्र तेवढा ऱ्हायला म्हणायचा! अवो, पायतान येगळं, बूट येगळा. पायतान शिवल्यालं असतंय, तेल-पाणी पचवतंय. ह्यो चिकटवल्याला. पाण्यानं डिंक सुटला, उन्हानं चामडं आखडलं. बसा आता. अक्का, तुमी बी बसा. च्या सांगतो."

त्यांनी जाड दोऱ्याने तळ शिवून घट्ट केला. ओल्या फडक्याने चामडे पुसले, मेणात थोडे तीळतेल कालवून तळहाताच्या उबेने ते फक्त टाचेवर आणि करंगळीच्या जागी चोळले. मग तबल्याच्या चामडी वादीखाली ठोकतात ते लाकडी गट्टे काढले आणि बुटाच्या आत, जिथे पाय रुंद होता नेमके तिथे, एकेक करून सरकवले.

"जलम गेला चामडं ताणण्यात," ते स्वतःशीच म्हणाले. "तबल्यात गट्टा सारला की सूर चढतोय. बुटात सारला की उतरतोय. सैल करायला आलेलं गिऱ्हाईक तुमीच पयलं, अक्का."

"मऊ हुईल न्हवं?" बयाबाईंनी विचारले.

"निम्मं हुईल. निम्मं तुमच्या पायात हाय." मौलाभाईंनी हातातली हलगी पुढे केली. "ही नवी हलगी पयल्याच दिवशी दणकून वाजवली तर फुटती. आधी बोटानं बोलवायची, मग टिपरूच्या काडीनं, मग मैदानात न्यायची. चामडं कारखान्यात कमावत्यात, पर ते अर्धंच असतंय. बाकीचं पायानं कमवायचं, पैलवान अंग कमवतोय तसं. पयल्या दिवशी हजार जोर मारल्यावर त्यो खाटेवर पडंल का न्हाय?"

"पडंल की."

"मग? रोज जरा जरा. सांजचं घालायचं, पाय तवा फुगल्याला असतोय. आत पातळ मोजा, वर जाड. चढाला पुढची नाडी ढिली, उताराला घोट्याची घट्ट, म्हंजे बोट पुढं जाऊन आदळत न्हाय. आन् टाच चुरचुरली की तवाच पट्टी लावायची. फोड आल्यावर पट्टी लावणं म्हंजे चोर गेल्यावर कडी घालणं."

मी ऐकत होतो. चामडे कमावतात, शरीर कमावतात, नाव कमावतात. आपल्या भाषेने या साऱ्यांना एकच क्रियापद दिले आहे आणि ते मी किती वेळा उच्चारले असेन याची गणती नाही. त्याचा अर्थ मला त्या दुकानात, चहाचा कप हातात असताना कळला.

निघताना बयाबाईंनी कमरेच्या पिशवीतून ओंजळभर हिरडा काढून मौलाभाईंपुढे ठेवला. "खोकताय लई. रातच्याला तोंडात धरा."

दुसऱ्या संध्याकाळपासून आमचा अभ्यास सुरू झाला. पहिल्या दिवशी एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे. बयाबाई बूट घालून अंगणात हिरडा निवडीत बसल्या आणि मी घड्याळ धरून समोर. दुसऱ्या दिवशी विहिरीपर्यंत. चौथ्या दिवशी देवळाच्या पायऱ्या. त्यानंतर रोज थोडा चढ, थोडा उतार. त्या चालत आणि मी काठी टेकीत मागून. टाच चुरचुरली की त्या तिथेच बसून पट्टी लावीत. एकदा मी म्हणालो, "आज जरा अधिक चालूया." त्यांनी बूट सोडायला घेतले. "गुरुजी, तुमचा सल्ला नगं. मौलाभाईंचा बास." मी मुकाट्याने घड्याळ खिशात घातले.

बाळासो हाही उमेदवार. पस्तिशीचा, दणकट आणि मोठ्या आवाजाचा. तो पारावरून ओरडे, "काय काकी, गुर्जी परेड शिकवाय लागल्यात व्हय? लेफ्ट-राईट संस्कृतात काय म्हणत्यात?" त्याने आपले बूट खुंटीला टांगून त्यांना झेंडूचे फूल वाहिले होते. "नवं कोरं ठेवलंय. परीक्षेच्या दिवशी मुहूर्तावरच घालणार. नवी वस्तू अशी घरात वापरून जुनी करायची असती व्हय?"

दहाव्या दिवशी बयाबाई ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. मी घड्याळ काढले.

"आता नगं घड्याळ," त्या म्हणाल्या. "सकाळपास्नं पायातच हाईत. काढायचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाय."

चालीच्या दिवशी सकाळी पाच उमेदवार आणि संयोगिता मॅडम निघाल्या. मला गावच्या वनसमितीतला वडीलधारा म्हणून जीपने देवराईपाशी नेऊन बसवले होते. ती वाटेच्या दोन तृतीयांशावर येते. तिथून पुढची वाट थेट देवराईतून झऱ्याकडे जाते.

सर्वांत आधी बाळासो दिसला. घाम निथळत होता आणि पाऊल तिरके पडत होते. देवराईची सीमा दिसताच त्याचा चेहरा उजळला. "देवाच्या दारात बूट कसं न्यायचं?" असे मोठ्याने म्हणत तो बसला आणि त्याने दोन्ही बूट उपसून काढले. सुटकेचा जो उसासा त्याने टाकला, तो देवापर्यंत खचित पोहोचला असेल. मी मान दुसरीकडे वळवली.

मागून मॅडम आणि बयाबाई आल्या. बाकीचे तिघे अजून वळणापलीकडे होते. बयाबाईंचे पाऊल सम पडत होते. सीमेच्या दगडापाशी त्या थांबल्या आणि मी जागेवरून उठलो, कारण त्या देवराईत त्यांनी जन्मात पायात काही घालून पाऊल ठेवले नव्हते. बूट काढावेत तर नियम मोडतो, आत न्यावेत तर देव दुखावतो. बारा दिवसांचे सारे श्रम त्या दगडाशी येऊन उभे राहिले. मला बोलावेसे वाटले. पण सल्ला देण्याचा अधिकार मी गमावला होता.

मॅडम घड्याळ पाहून म्हणाल्या, "बयाबाई, थांबलात का? नकाशात वाट इथूनच आहे."

"नकाशात आसंल, बाईसाहेब." बयाबाईंनी हात जोडून सीमेला नमस्कार केला. "पर इथनं माणसं न्यायची न्हाईत. आज आपुन बूट घालून गेलो तर उद्या पावणं चपला घालून, परवा डबं घेऊन येतील. वरच्या अंगानं दुसरी वाट हाय. लांबची हाय, चढ खडा हाय. पर देवबी खूश आन् तुमचा नियमबी. चला."

"चढ कितीसा?"

"बघालच की. नाडी पुढनं जरा ढिली करा."

आणि त्या कातळाच्या कडेने वर निघाल्या. मी खालून पाहत होतो. तीच रुंद बोटे आता चामड्याच्या आत होती, पण पाऊल तसेच रोवले जात होते. बूट त्यांच्या पायाचे ऐकत होता. बाकीच्या तिघांपैकी जोतीराम मागून आला, त्या कुठून गेल्या ते त्याने पाहिले आणि तोही वर वळला. उरलेले दोघे देवराईच्या आधीच दगडावर बसून बूट काढते झाले होते.

इकडे बाळासोने हात जोडून देवराई ओलांडली, पलीकडे बूट घालायला घेतले आणि त्याच्या ध्यानात आले की, मोकळे झालेले पाय फुगून बसले आहेत. उजवा बूट टाचेवर अडकला, डावा तेवढाही गेला नाही.

जीपने मी झऱ्याजवळच्या शेवटच्या पठारावर पोहोचलो, तेव्हा सारे गाव जमले होते. उन्हे कलली होती. आधी बयाबाई दिसल्या, मग दहा पावलांवर मॅडम, मग जोतीराम. कुणीतरी हलगी आणली होती, ती कडाडली. बयाबाई थांबल्या नाहीत. खुणेच्या झेंड्यापर्यंत आल्या, झेंड्याला हात लावला आणि मग म्हणाल्या, "आता काढू का, बाईसाहेब?"

"काढा. मला पाहायचेच आहेत."

बूट निघाले, मोजे निघाले. साऱ्या गावासमोर बयाबाईंनी दोन्ही पाय पुढे केले. जुन्या फोडाच्या जागी फिकट डाग होता. नवा ओरखडा एक नव्हता. मॅडम खाली बसून पाहत होत्या. मग त्यांनी स्वतःचा बूट सोडला. त्यांची टाच रक्ताळली होती.

"माझा बूट चार वर्षांचा आहे," त्या हसून म्हणाल्या. "मला शिकवा. आणि वाट वरूनच जाईल. नकाशा मी बदलून घेते."

बाळासो बूट गळ्यात अडकवून अनवाणी आला. लोक हसले, तोही हसला. "देवाचं नाव पुढं केलं, मॅडम. खरं तर टाच सोलल्याली. काकी, पुढच्या भरतीला मला तेवढं शिकवा."

"ये सांजचं," बयाबाई म्हणाल्या. "आधी ते झेंडूचं फूल काढ, आन् हिरडा निवडाय बस."

आठवड्याने बिल्ले आले, एक जोतीरामला आणि एक बयाबाईंना. बिल्ल्यावर त्यांचे नाव पूर्ण, ठळक अक्षरांत होते. बयाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी तो माझ्यासमोर धरला आणि मी मोठ्याने वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितले. मी तिसऱ्यांदाही वाचला.

दुसऱ्या दिवशी पहिले पाहुणे आले. मी ओसरीवरून ऐकले, "बयाबाई, झऱ्याकडे कसे जायचे?"

सकाळी पाय जमिनीवर ठेवण्याआधी पृथ्वीची क्षमा मागण्याची आपली रीत आहे. मी ती पाळतो. त्या सकाळपासून तिच्यात माझी थोडी भर पडली आहे. बयाबाईंच्या पावलांना वाट सदैव ओळखीची राहो. मौलाभाईंच्या हातांतली ऊब आटू नये आणि त्यांचा खोकला शमो. बाळासोची टाच लवकर भरो. आणि जो कोणी आज नवी, कडक वस्तू पायात घालून घराबाहेर पडत असेल, त्याला चार पावले सोबत चालणारे कोणी लाभो.